सही वाचता आली, काका

मुकुंदकाका, काल शनिवारची गाडी तुमच्याशिवाय स्प्रिंगफील्डला जाऊन आली. सात सीट, सात माणसं, काकूंच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डेव्हनच्या देशी बाजारातून आणलेली बाकरवडी, आणि कुणाला तरी गाडी लागणारच म्हणून आवळासुपारी. सगळं तुमच्या यादीप्रमाणे. तुम्हाला जाऊन अजून तीन आठवडेही झाले नाहीत. "इतक्यात कशाला?" असं चारजणांनी फोन करून विचारलं. मी म्हटलं, बर्फ सोडला तर काकांनी शनिवार कधी कॅन्सल केला होता का?

आपल्या मराठी मंडळाच्या ई-मेलमध्ये तुमच्याबद्दल सगळं छापून आलं. जन्म कुठला, इंजिनिअरिंग कुठलं, अमेरिकेत कधी आलात, कुठले पूल बांधलेत. शनिवारबद्दल मात्र एकच ओळ: 'भारतातून येणाऱ्या ज्येष्ठांना ते सहलीला नेत.' सहल म्हणे! मुलं-सुना ऑफिसला गेल्यावर नेपरव्हिलच्या घराघरांत खिडकीशी बसून राहणारे, सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील तुम्ही हुडकून काढायचात. त्यांना मक्याच्या शेतांमधून साडेतीन तास न्यायचात आणि एका माणसाच्या समाधीपुढे उभं करून त्याची गोष्ट मराठीत सांगायचात. रिटायर झाल्यापासून पंधरा वर्षं हे चाललं. तो माणूस म्हणजे गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला, यादवी युद्धात देश फुटू न देणारा राष्ट्राध्यक्ष. पेनीवर, इथल्या एका सेंटच्या नाण्यावर, ज्याचा चेहरा असतो तो. तुम्ही त्याचं नाव कधी घेतलं नाहीत. नुसतं 'साहेब' म्हणायचात, जसं काही त्यांच्याच ऑफिसातून रिटायर झाला होतात.

मी तुमची सून. पण त्याआधी तीन वर्षं मी तुमची ड्रायव्हर होते, आणि तुमच्या माझ्यात जे काही झालं ते त्या गाडीत झालं. म्हणून सुनेसारखं लिहायला मला जमणार नाही. ड्रायव्हरसारखं लिहिते.

२००१च्या नोव्हेंबरात तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात. नागपूरहून येऊन मला नऊ महिने झाले होते. कंपनीने अर्धी टीम काढून टाकली होती. माझी नोकरी शाबूत होती, पण जेवताना शेजारी बसायला कुणी उरलं नव्हतं. मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या रांगेत तुम्ही माझ्या मागे उभे होतात. नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलंत, "ड्राइव्ह करतेस का?"

"लायसन्स आहे. मागच्याच आठवड्यात मिळालं."

"मग झालं तर. शनिवारी सकाळी सहाला ये. माझे डोळे आता हायवेला दबकतात."

एका आठवड्याच्या लायसन्सवर तुम्ही पाच म्हाताऱ्या माणसांचे जीव माझ्या हाती दिलेत. पहिल्या तासात मी ट्रकला ओव्हरटेक केलं तेव्हा मागून "रामा, रामा" ऐकू आलं. तुम्ही मात्र शेजारी बसून साहेबांचं लहानपण सांगत होतात. साहेब लाकडाच्या खोपटात जन्मले, साहेबांची आई लवकर गेली, पुस्तकासाठी साहेब मैलच्या मैल चालायचे.

"आमच्या घरी साहेब म्हटलं की वेगळेच साहेब," मी बोलून गेले. "भिंतीवर फोटो आहे त्यांचा. सकाळची वंदना झाली की बाबा रोज पुसतात."

तुम्ही क्षणभर थांबलात. माझं आडनाव तुम्ही विचारलं नव्हतं, आता विचारायची गरजही राहिली नाही. मग म्हणालात, "बरोबर आहे. तेही साहेबच." आणि थर्मासमधला चहा सगळ्यांच्या आधी मला ओतून दिलात. मी तुमचं ते थबकणंही लक्षात ठेवलं आणि चहाही. मी तशीच आहे.

तुमची एक चूक होती आणि ती आपल्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. त्या जागेला तुम्ही समाधी म्हणायचात. आता समाधी म्हटल्यावर आपली माणसं काय करणार? २००२च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या शांताबाई आल्या होत्या. गाडीत तुमची गोष्ट ऐकून त्यांनी अख्खा रुमाल भिजवला. तिथे पोचल्यावर चपला काढल्या, दारातल्या साहेबांच्या ब्राँझच्या डोक्याला कुंकू लावलं आणि आम्हाला काही कळायच्या आत पिशवीतून नारळ काढून पायरीवर फोडला. केवढा आवाज झाला! ज्या माणसाला गोळी घालून मारलं त्याच्या दारात तसला आवाज, म्हणजे गार्ड धावत येणारच. तुम्ही हात जोडून त्याला तुमच्या त्या पुणेरी इंग्रजीत पाच मिनिटं समजावत होतात, की आमच्याकडे थोर माणसाला असंच भेटतात. शांताबाई मधून मधून "सांगा त्यांना, नवस नाही, नुसता मान" म्हणत होत्या.

तो गार्ड म्हणजे रॉय. पांढऱ्या केसांचा, उंच, काळा माणूस, तुमच्याच वयाचा. त्याने खिशातून रुमाल काढून साहेबांचं कुंकू हलक्या हाताने पुसलं आणि मग खोबऱ्यासाठी हात पुढे केला. तिथेच उभं राहून खाल्लं. तेव्हापासून आपण दिसलो की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज नारळ नाही?"

ती डोकं चोळायची पद्धत मात्र तुम्हाला खपत नसे. नशीब उजळावं म्हणून येणारा-जाणारा त्या ब्राँझच्या नाकावर हात फिरवतो आणि ते नाक पितळी भांड्यासारखं लखलखतं. तुम्ही आपल्या माणसांना दटावायचात, "साहेबांचं नाक आहे ते, जिन्याचा कठडा नाही." आणि मागच्या वर्षी माझी पाठ वळल्याबरोबर नातीला उचलून त्याच नाकाला हात लावायला दिलात. मी गाडीच्या आरशात पाहिलं होतं काका. बोलले नाही एवढंच.

एरवी न बोलणं मला कुठे जमतं? दुसऱ्याच फेरीत तुम्ही सांगितलंत, साहेबांनी एका सहीत गुलामगिरी संपवली, आणि मी स्टिअरिंगवरून म्हणाले, "एका सहीत नाही. बंड केलेल्या राज्यांतल्याच माणसांसाठी होती ती सही. जी राज्यं बंडात नव्हती तिथले गुलाम गुलामच राहिले. पुढे घटना बदलावी लागली."

"वैशाली, गाडीत आजीबाई आहेत. त्यांना तळटिपा नकोत."

"आजीबाईंना खोटं तरी कशाला?"

"खोटं नाही. थोडक्यात."

मग ती पद्धतच पडली. तुम्ही गोष्ट सांगायची, मी तळटीप द्यायची. सुटका झालेल्या लोकांना दुसऱ्या कुठल्या तरी देशात पाठवून द्यावं असं साहेबांच्या मनात बराच काळ होतं, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही तासभर माझ्याशी बोलला नाहीत. गुलामगिरी हळूहळू, वर्षानुवर्षं घेऊन संपवायची त्यांची एक योजना होती, हेही मीच सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "त्यांना सीमेवरची, बंडात न गेलेली राज्यं सांभाळायची होती. ती फुटली असती तर युद्धच हरले असते. वेळ बघावी लागते गं." मी म्हणायचे, वेळ बघणाऱ्याची पाठ चाबकाखाली नसते. मागे बसलेल्यांची मान एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे. एक आजोबा उतरताना म्हणाले होते, टीव्हीपेक्षा बरं आहे.

पण सहीची गोष्ट मी कधी तोडली नाही. ती तुमची होती. वर्षाचा पहिला दिवस. सकाळपासून शुभेच्छा द्यायला आलेल्या लोकांचे हात हातात घेऊन घेऊन साहेबांचा उजवा हात बधिर झालेला. समोर तो कागद आणला. साहेबांनी पेन उचललं तर हात थरथरायला लागला, म्हणून खाली ठेवलं. लोक पुढे ही सही पाहतील, हात कापलेला दिसला तर म्हणतील हा माणूस कचरला. मग थांबून, सावकाश, सही केली. एरवी साहेब नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव एवढंच लिहायचे, त्या दिवशी नाव पूर्ण लिहिलं. हे सांगताना तुमचाही हात हवेत सावकाश फिरायचा. नंतर नंतर तो हात गोष्ट नसतानाही थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी पार्किन्सन हे नाव सांगितलं.

निखिल तुमचा मुलगा आहे हे मला आधी माहीत होतं की नंतर कळलं, यावर तुम्ही नेहमी चिडवायचात. खरं सांगते, आधी माहीत होतं. शनिवारी सकाळी सहाला झोपाळलेल्या डोळ्यांनी दशम्यांचा डबा गाडीत आणून ठेवणारा, "हाय वैशाली, ड्राइव्ह सेफ" एवढंच बोलणारा मुलगा दुसऱ्या कुणाचा असणार? दोन वर्षांत त्याचं ते एक वाक्य बरंच लांबलं. २००४च्या मे महिन्यात आम्ही दोघं तुमच्या समोर येऊन बसलो. मला खात्री होती काका. इतकी खात्री होती की नागपूरला बाबांना मी आदल्या दिवशीच फोन करून मोकळी झाले होते.

तुम्ही चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणालात, "माझी काही हरकत नाही. पण पुण्याला माझी ताई आहे. ऐंशीच्या पुढे गेली आता. तिला हे झेपायचं नाही. थोडं थांबू या."

"म्हणजे निखिलच्या आत्या जाईपर्यंत?" मी विचारलं.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

निखिल म्हणाला, "बाबा, धिस इज नॉट अ डिबेट." तुम्ही त्याच्याकडे न बघता मला म्हणालात, "वेळ बघावी लागते, वैशाली." तुमच्या तोंडून ते वाक्य मी गाडीत शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ते माझ्याबद्दल आहे. गुलामगिरीबद्दल बोलताना डोळे भरून येणारा माणूस माझ्या आडनावापाशी येऊन अडखळला होता. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो मी आठ महिने जपला.

तरी शनिवार सोडला नाही. मी रागावले होते तुमच्यावर, गाडीतल्या आज्यांवर नाही. मे ते ऑक्टोबर तुम्ही शेजारी बसलात, चहा ओतून दिलात, गोष्ट सांगितलीत, आणि मी तळटिपा इतक्या मोठ्याने दिल्या की मागच्या सीटवर कानाचं मशीन लावलेल्यांनाही ऐकू गेल्या. तुम्ही सीमेवरच्या राज्यांपाशी आलात की मी विचारायचे, "आणि त्या राज्यांत कोण राहत होतं काका? एखादी आत्या?" बाकीच्यांना काही कळत नसे. तुम्हाला कळायचं. तुम्ही खिडकीबाहेर मका बघायचात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीत आपण पायरीवरच भांडलो. बोलणं मराठीतच चाललं होतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. रॉय जवळ आला, म्हणाला, कशावरून चाललंय? तुम्ही ब्राँझच्या साहेबांकडे बोट दाखवून म्हणालात, ह्यांच्यावरून. ही म्हणते ह्यांनी उशीर केला. रॉय हसला. म्हणाला, "उशीर केलाच. माझ्या आजीची आजी वाट बघत बसली होती, तिला विचारायला हवं किती उशीर." मग त्या डोक्याकडे बघून म्हणाला, "पण लोकांनी ढकललं की हा माणूस हलायचा. जे कितीही ढकलले तरी हलत नाहीत ते मी पुष्कळ पाहिलेत."

परतीच्या वाटेवर कॉफीलाही थांबू नको म्हणालात. मला वाटलं, रॉयचं बोलणं तुम्हाला लागलं. ते खरंच होतं, फक्त कसं लागलं ते मला कळलं नाही.

मग एक जानेवारी. दर वर्षी त्या दिवशी तुमच्या घराचं दार सगळ्यांना उघडं असायचं. साहेबांची नक्कल करत तुम्ही दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवायचात. २००५ साली मी येणार नव्हते, निखिलने ओढून आणलं. तीनच्या सुमारास माणसं पांगली तेव्हा तुम्ही मला जेवणाच्या टेबलापाशी बोलावलंत. पुढ्यात पत्र होतं, नागपूरला माझ्या बाबांना लिहिलेलं. अक्षर तुमचं होतं, ओळी चढत-उतरत गेलेल्या. काकू म्हणाल्या, तीन दिवस लिहीत होते, मला हात लावू दिला नाही.

आपल्याकडे मुलीचा बाप मुलाच्या दारी जातो. तुम्ही ते उलटं केलं होतं. 'आपली कन्या चिरंजीव वैशाली देवराव गजभिये हिला आम्ही सून म्हणून मागत आहोत. खरं तर हे पत्र मे महिन्यातच लिहायला हवं होतं. तेव्हा न लिहिण्यात तिचा काही दोष नाही, माझा आहे.' एवढंच होतं जवळजवळ. माझं पूर्ण नाव तुमच्या हातचं मी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही पेन उचललंत आणि परत ठेवलंत. म्हणालात, "आत्ता नको. सकाळपासून पन्नास हात हातात घेतलेत. सही वेडीवाकडी आली तर तुझे वडील म्हणतील, माणूस कचरला."

"म्हणजे आता तुम्हीच साहेब का?" मी म्हणाले.

 गोळी घेतलीत आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बर्फ बघत बसलात. काकूंनी चहा केला, तोही घेतला नाहीत. तासाभराने हात शांत झाला तसे टेबलापाशी आलात आणि एकेक अक्षर करत सही केलीत. तुमची सही नेहमी 'मु. रा. लेले' अशी. त्या दिवशी मुकुंद रामचंद्र लेले असं पूर्ण लिहिलंत. मी बघत होते. काहीतरी चांगलं बोलायचं होतं काका, खरंच. पण तोंडातून निघालं ते असं: "आठ महिने."

तुम्ही मान डोलावलीत. "उशीर झाला," म्हणालात, "पण सही केली."

"सही केली, पण उशीर झाला," मी म्हणाले.

पुढची साडेतीन वर्षं आपण ते तसंच चालू ठेवलं. बाबांचं उत्तर आलं त्यात चारच ओळी होत्या: 'पत्र पोचले. सही वाचता आली. मुलीला विचारतो. तिची इच्छा असेल तर आमची हरकत नाही.' लग्न झालं. आत्यांनी पुण्याहून पैठणी पाठवली. त्या पैठणीनेच माझा घोळ केला. ती बघून मी मनाशी पक्कं ठरवलं की तुम्ही आधी पुण्याला फोन करून आत्यांची परवानगी काढलीत आणि मगच पेन हातात घेतलंत. मला त्याचंच वाईट वाटत राहिलं. सही केलीत, पण राज्यं सांभाळून झाल्यावर. मी तुम्हाला तसं थेट विचारलं कधीच नाही. नुसते टोमणे मारले. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "शनिवारची गाडी बंद करू नकोस, उशीर झाला तरी चालेल," आणि मला तिथेही राहवलं नाही. मी म्हणाले, "आधी परवानगी मिळाली की सही करणं सोपं असतं काका." तुम्ही हसलात आणि पाणी मागितलंत. मला वाटलं, जिंकले मी.

मागच्या रविवारी काकू आणि मी मेथी निवडत बसलो होतो. माझे बाबा समोर पेपर वाचत होते. ते ऑगस्टपासून आमच्याकडे आहेत, तुम्ही दोघं शेवटचे पाच शनिवार मागच्या सीटवर शेजारी बसलात. तुम्ही पुढची सीट सोडून बाबांशेजारी जाऊन बसायचात आणि तिथूनच गोष्ट सांगायचात. त्या पैठणीवरून बोलणं निघालं आणि काकू सहज म्हणाल्या, "ताईंना फोन तर सही झाल्यावर केला गं. पत्र पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, निखिलला पोस्टात टाकायला पाठवलं. मग फोन लावला. हात पुन्हा कापत होता, नंबर मीच फिरवला."

"काय म्हणाल्या आत्या?"

"त्या? त्या म्हणाल्या, मुकुंदा, मला विचारतोस काय, तू काय लहान आहेस? मुलगी शिकलेली आहे ना, गाडी चालवते ना, मग मे महिन्यापासून काय करत होतास?"

काका, माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. सीमेवरची राज्यं फुटणारच नव्हती! ज्या आत्यांसाठी तुम्ही आठ महिने घालवलेत त्यांना काही पडलेलंच नव्हतं. आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुमच्या हिशेबाने तुम्ही बहीण गमावायला तयार होऊन सही केली होतीत. हे एका वाक्यात सांगून तुम्हाला माझं तोंड बंद करता आलं असतं, आणि तुम्ही साडेतीन वर्षं माझे टोमणे खाल्लेत, हॉस्पिटलमधलासुद्धा. मी काकूंना विचारलं, मला सांगितलं का नाही त्यांनी? काकू म्हणाल्या, "मी म्हटलं होतं सांगा म्हणून. म्हणाले, काय सांगायचं? उशीर तर झालाच होता." बाबांनी पेपर खाली ठेवला.

काल सकाळी तुमची पाठीची उशी, तुम्ही मागे बसायला लागलात तेव्हा ठेवून गेलेली, पुढच्या सीटवर तशीच होती. बाबा गाडीपाशी येऊन म्हणाले, "मी बसू काय इथं?" बसले. थर्मासमधला चहा त्यांनी सगळ्यांच्या आधी मला दिला. गाडीत मी सांगायला लागले. खोपट झालं, आई झाली, पुस्तकं झाली. गोष्ट आणि तळटीप दोन्ही मीच, त्यामुळे मध्येच माझाच गोंधळ उडत होता. पोचल्यावर रॉयने विचारलं, "तुमचे ते गोष्ट सांगणारे कुठे आहेत?" मी सांगितलं. त्याने टोपी काढली. नारळाचं काही विचारलं नाही.

समाधीपुढे सहीच्या गोष्टीपाशी आले आणि माझा आवाज फुटेना. पाच माणसं बघत उभी. तेव्हा बाबा म्हणाले, "थांब वैशू. हे मी सांगतो."

बाबांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं. "वर्षाचा पहिला दिवस होता जी. साहेबांचा हात थरथरत होता. मनातून भ्यायले म्हणून नाही, लोकांचे हात घेऊन घेऊन थकला होता हात. पण पाहणाऱ्याले ते कसं कळणार? म्हणून ते थांबले. हात शांत झाला अन् मग सही केली, पूर्ण नावानं." मग त्यांनी पासपोर्टचं पाकीट काढलं. त्यात तुमचं पत्र होतं काका, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. मला माहीतच नव्हतं की ते नागपूरहून बरोबर आणलंय. "अशी एक सही माझ्याजवळ पण आहे," ते म्हणाले. "ह्या माणसानं मले आठ महिने वाट पाहायला लावली. मी एक-एक दिवस मोजला. अजून विसरलो नाही. अन् हे पत्रही टाकून दिलं नाही."

नाशिकच्या एका आजींनी चष्मा लावला आणि पत्र हातात धरून मोठ्याने वाचलं, "मुकुंद रामचंद्र लेले." मग म्हणाल्या, "अक्षर किती स्वच्छ आहे हो."

मी तिथे रडले, मेमध्ये राहिलेलं सगळं. रॉय दुसरीकडे बघत उभा राहिला. बाबांनी पत्र परत पाकिटात ठेवलं आणि म्हणाले, चला, दशम्या गार होतात.

आता माझं जे राहून गेलंय ते. हॉस्पिटलमध्ये बोलले ते चुकीचं बोलले. माफ करा. उशीर झाला हे मात्र मी मागे घेणार नाही, आणि घेतलं तर तुम्हालाच आवडणार नाही. गाडीत साहेबांच्या उशिराबद्दल सांगायचे तेवढंच सांगणार, आज्या ऐकोत न ऐकोत. पण तुम्ही हललात. मी ढकललं आणि तुम्ही हललात, परवानगीची वाट न बघता, आणि त्याचं कौतुक कुणाकडून घ्यायला थांबला नाहीत. थँक्यू, काका. हे त्या दिवशी टेबलापाशीच म्हणायचं होतं. मलाही उशीरच झाला.

सहीची गोष्ट इथून पुढे मी सांगणार. बाबा परत गेल्यावरही. एरवी सगळीकडे मी नुसतं 'वै' लिहून मोकळी होते. आज हे लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं, डोळे पुसले, हात शांत होऊ दिला.

वैशाली देवराव गजभिये